पगारातून चर्चचा कर कापतात, म्हणजे जर्मनी धर्मराष्ट्र आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंदू, पुण्याचे, नोकरीसाठी जर्मनीला निघाला आहात. मित्राने सांगितले की तिथे पगारातून चर्चचा कर कापतात आणि कितीतरी दवाखाने, बालवाड्या, वृद्धाश्रम चर्चचेच असतात. तुमचे म्हणणे असे: मग हा देश धर्मनिरपेक्ष कसला? आपल्याला तिथे कोण दारात उभे करणार? आणि त्यांना हे चालते, तर आपल्याकडे देवळांचा पैसा सरकारने समाजकल्याणासाठी घेतला की एवढा गहजब कशाला?

मी आधी मुंबईत एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होते. आता बरीच वर्षे जर्मनीत, चर्चशी संलग्न असलेल्या एका संस्थेच्या वृद्धाश्रमात प्रवेश आणि खर्चाचे काम बघते. त्यामुळे माझे उत्तर तत्त्वज्ञानातून कमी आणि बिलांच्या फायलीतून जास्त येईल. देश धार्मिक की धर्मनिरपेक्ष, असा एकच शिक्का मारायला गेलात तर हाती काही लागत नाही. पैसा कोण गोळा करतो, काम कोण चालवतो आणि ‘तुम्हाला नाही’ म्हणायचा हक्क कोणाकडे राहतो, या तीन गोष्टी सुट्या करून पाहिल्या की धर्म राज्यकारभारात नेमका कुठे बसलाय ते दिसते. बहुतेक देशांत तो वेगवेगळ्या ठिकाणी बसलेला असतो आणि घटनेच्या प्रस्तावनेत तर क्वचितच सापडतो.

कराचे आधी उरकून टाकू. हा कर उत्पन्नावर नसून आयकराच्या रकमेवर असतो. बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या दोन राज्यांत 8 टक्के, बाकी सगळीकडे 9 टक्के. वर्षाला 10,000 युरो आयकर बसत असेल तर चर्चचा कर 900 युरो, बायर्नमधल्या म्युनिकमध्ये राहिलात तर 800. तोही फक्त नोंदलेल्या सभासदांकडून. तिथे पोचल्यावर पत्ता नोंदवायला नगरपालिकेच्या कार्यालयात जाल, त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. कर घेणाऱ्या पंथांपैकी तुम्ही कुणाचे नाही एवढी नोंद झाली की पगारपत्रकावर त्या जागी आडव्या रेघा येतात आणि तुमच्यापुरता विषय संपतो.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मंडळींचा विषय मात्र इथे सुरू होतो. बाप्तिस्मा जगात कुठेही झालेला असो, कॅथलिक म्हणून जर्मनीत राहायला आलात की तुम्ही तिथल्या चर्चचे सभासद धरले जाता आणि कर लागू होतो. नको असेल तर सरकारी नोंदणी कार्यालयात, काही राज्यांत चक्क कोर्टात, जाऊन चर्च सोडत असल्याचे लिहून द्यावे लागते. जर्मन बिशपांनी 2012 मध्ये स्पष्टच करून टाकले की असे लिहून देणाऱ्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घेता येणार नाही, कुणाच्या बाळाचा धर्मपिता होता येणार नाही. ओळखीतल्या वसईकर पोरांना मी एवढेच सांगते की हा पैसे वाचवायचा फॉर्म समजून सही करू नका, आधी घरी आईशी बोला.

गोळा कोण करते? बहुतेक राज्यांत सरकारी कर खाते, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून साधारण 2 ते 4 टक्के रक्कम ते चर्चकडून कापून घेते. 1919 च्या वायमार राज्यघटनेने राज्याचे म्हणून कुठले चर्च असणार नाही असे लिहिले आणि त्याच कलमात धर्मसंस्थांना सभासदांकडून कर घ्यायची मुभाही दिली. 1949 च्या घटनेने ती कलमे जशीच्या तशी उचलली. आपल्या घटनेचे कलम 27 याच्या शेजारी ठेवून पाहा: कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती कुणावर करता येणार नाही. जर्मन सभासदालाही तशी सक्ती नाही असे तिथले न्यायालय म्हणेल, कारण तो चर्च सोडू शकतो. बाहेरचा दरवाजा उघडा ठेवून आतल्यांकडून वर्गणी सरकारी यंत्रणेने वसूल करायची, अशी ही रचना आहे.

तुम्हाला हरकत घ्यायचीच असेल तर चर्चच्या करापेक्षा दुसऱ्या एका रकमेवर घ्या, जिची फारशी चर्चा होत नाही. नेपोलियनच्या धामधुमीत, 1803 मध्ये, जर्मन संस्थानिकांनी चर्चच्या जमिनी आणि मठ खालसा केले. त्याची भरपाई म्हणून हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन सोडून बाकीची राज्ये आजही दरवर्षी चर्चला पैसे देतात, आणि ते सर्वसाधारण महसुलातून जातात, म्हणजे तुमच्याही करातून. 1919 च्या घटनेत लिहिले आहे की ही देणी एकदाची चुकती करून टाका. शंभर वर्षे उलटली, अजून कुणी ती चुकती केलेली नाहीत. एकरकमी आकडा एवढा मोठा होतो की प्रत्येक सरकार फाइल पुढच्याकडे सरकवते.

आता माझ्या कामाकडे येते. कॅथलिकांची ‘कारितास’ आणि प्रोटेस्टंटांची ‘डायाकोनी’ या दोन संस्थांच्या छत्राखाली बारा लाखांहून जास्त लोक नोकरी करतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की चर्च आपल्या करातून गोरगरिबांना सांभाळते. आमच्याकडच्या एखाद्या आजींचे महिन्याचे बिल हातात घ्या म्हणजे हा समज जातो. पहिली ओळ शुश्रूषेची, दुसरी राहण्याजेवणाची, तिसरी इमारतीच्या खर्चाची. शुश्रूषेतला ठराविक वाटा शुश्रूषा विमा, म्हणजे दीर्घकाळ लागणाऱ्या काळजीसाठीचा विमा, देतो. उरलेले सगळे आजींनी पेन्शन आणि शिलकीतून भरायचे, आणि हा वाटा पहिल्या वर्षी सरासरी तीन हजार युरोच्या घरात जातो. शिल्लक संपली की पालिकेचे समाजकल्याण कार्यालय उभे राहते. मुलांकडे मागतात, पण 2020 पासून ज्या मुलाचे किंवा मुलीचे वार्षिक उत्पन्न एक लाख युरोच्या वर आहे त्याच्याकडेच. चर्चच्या करातला पैसा या बिलात कुठे दिसत नाही. असलाच तर तो प्रार्थनेच्या खोलीत असतो आणि आठवड्याला येऊन कुणाच्या उशाशी बसणाऱ्या पाद्रीबाईंच्या पगारात.

थोडक्यात, विमा आणि सरकार पैसा पुरवतात, चर्चची संस्था काम चालवते. बालवाड्यांचेही तसेच, तिथे बराचसा भार राज्य आणि पालिका उचलतात.

हे असे का झाले, त्यामागे खरोखरच धर्मातून आलेला एक विचार आहे. पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या आपल्या पत्रात तो ठाशीवपणे मांडला: जे काम लहान घटकाला जमते ते मोठ्याने हिसकावून घेऊ नये. कुटुंबाला जमते ते कुटुंबाने करावे, मग शेजाराने, मग संस्थेने, आणि राज्याने सगळ्यात शेवटी. पण शेवटी यायचे म्हणजे हात झटकायचे असे नाही. खालच्याला उभे राहता यावे म्हणून वरच्याने पैसा द्यायचा. पश्चिम जर्मनीत 1961 च्या समाजकल्याण कायद्यांमध्ये हे तत्त्व सरळ उतरले. एखाद्या भागात स्वयंसेवी संस्था काम करायला तयार असेल तर पालिकेने आपले नवे केंद्र काढायच्या भानगडीत पडू नये, अशी ती रचना. काही शहरांनी आणि राज्यांनी आव्हान दिले, पण घटना न्यायालयाने 1967 मध्ये तिचे मूळ तत्त्व कायम ठेवून ती मान्य केली. याच रचनेत समाजवादी चळवळीतून 1919 मध्ये निघालेली ‘आर्बायटरवोलफार्ट’ आणि ज्यूंची संस्थाही मोठ्या संघटना म्हणून बसल्या. म्हणजे धर्माने जागा करून दिली आणि त्या जागेवर धर्म न मानणारेही येऊन बसले. मला ही व्यवस्था याच कारणासाठी आवडते.

मतलबही कमी नव्हता. जर्मन साम्राज्याचा चान्सलर बिस्मार्कने 1883 मध्ये आजारपणाचा विमा आणला, 1884 मध्ये अपघाताचा, 1889 मध्ये वृद्धापकाळाचा आणि अपंगत्वाचा. त्याला तो व्यवहारातला ख्रिस्ती धर्म म्हणायचा. कामगारांनी समाजवाद्यांच्या मागे जाऊ नये हा खरा हेतू कुणापासून लपला नव्हता, आणि त्याच बिस्मार्कने त्याआधीच्या दशकात कॅथलिक पाद्र्यांना तुरुंगात टाकले होते. मूल्ये धर्मातून येतात, पण ती कायद्यात उतरतात तेव्हा कुणाची तरी गरज असते म्हणून.

धर्म आणि तिजोरी समोरासमोर आल्याचे सगळ्यात गंमतशीर उदाहरण त्याच शुश्रूषा विम्याचे. तो 1995 मध्ये सुरू झाला. मालकवर्गाने विचारले, आमचा वाटा कुठून भरायचा? तोडगा निघाला की एक सार्वजनिक सुट्टी रद्द करायची, म्हणजे एक दिवसाचे काम वाढेल. बळी गेला नोव्हेंबरातल्या एका बुधवारी येणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या प्रायश्चित्त आणि प्रार्थनेच्या दिवसाचा. सॅक्सनी या एकाच राज्याने सुट्टी सोडली नाही. तिथले कर्मचारी आजही या विम्याचा हप्ता मालकापेक्षा जास्त भरतात. ड्रेस्डेनमध्ये नोकरी लागली तर पगारपत्रकावर बघा, प्रार्थनेच्या एका दिवसाची किंमत तिथे महिन्याच्या महिन्याला छापून येते. आणि त्या दिवशी चर्चमध्ये किती लोक जातात, हे मला विचारू नका.

उत्तरेकडे चित्र बदलते. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या सल्ल्याने 1523 मध्ये लाइस्निग या सॅक्सनीतल्या गावाने सामाईक पेटीचा नियम केला: चर्चचे उत्पन्न एका पेटीत, त्यातून गरिबांना, अनाथांना, म्हाताऱ्यांना मदत, आणि पेटीवर गावाने निवडलेले पंच. मठ गेले, भिक्षा मागणे पुण्याचे राहिले नाही, मग गरिबांचे काय करायचे हा प्रश्न गावाच्या आणि राजाच्या अंगावर आला. स्कँडिनेव्हियात राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला, त्यामुळे चर्चची पेटी आणि राज्याची तिजोरी यांच्यात भिंत फारशी उरली नाही. स्वीडनमध्ये 1862 पर्यंत गरिबांची व्यवस्था चर्चच्या पॅरिशकडे, म्हणजे स्थानिक चर्च-विभागाकडे, होती. त्या वर्षी नागरी पालिका वेगळ्या झाल्या आणि ते काम त्यांच्याकडे गेले. आज तिथला वृद्धाश्रम पालिकेच्या जबाबदारीत येतो, चर्चच्या नाही. चर्च आणि राज्य 2000 मध्ये अधिकृतपणे वेगळे झाले, तरी सभासदांची चर्च-वर्गणी अजूनही कर खातेच गोळा करते. डेन्मार्कमध्ये तर बाळाच्या जन्माची नोंद आणि नावाचा अर्ज देशाच्या बहुतेक भागांत राष्ट्रीय चर्चच्या कार्यालयातून जातो, बाळ जोशी-कुलकर्ण्यांचे असले तरी. आपल्याला ऐकून धक्का बसतो, तिथल्या मराठी आईबापांना तो निव्वळ एक ऑनलाइन फॉर्म वाटतो.

हे सूत्र फार ताणू नका, एवढे मात्र सांगते. स्वीडनच्या कल्याणकारी राज्यामागे कामगार संघटना, समाजवादी लोकशाहीवादी पक्षाची दीर्घ सत्ता आणि शिस्तीचा करदाता आहे. ल्यूथर त्या इमारतीच्या पायात आहे, गच्चीवर नाही. कॅथलिक म्हणावे तर इटलीने जर्मनीपेक्षा अगदी वेगळी वाट धरली. तिथे आयकराच्या रकमेतला हजारी आठ एवढा हिस्सा आधीच बाजूला काढतात आणि तो कुणाला द्यायचा ते करदात्याने विवरणपत्रात खूण करून सांगायचे, चर्चला, राज्याला किंवा करार झालेल्या दुसऱ्या धर्मसंस्थेला. 2012 च्या अखेरीस झालेल्या कायद्याने तिथल्या हिंदू संघालाही या यादीत जागा मिळाली. गोम अशी की ज्यांनी खूणच केली नाही त्यांचा पैसा खूण केलेल्यांच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे गप्प बसणाऱ्यांचा मोठा वाटा कॅथलिक चर्चकडेच जातो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, दारात कोण उभे करील याचे, उत्तर दोन भागांत द्यावे लागते. लाभार्थी म्हणून काळजी करू नका. आमच्या वृद्धाश्रमात मुसलमान आजोबा आहेत, कुठलाच धर्म न मानणारे तर भरपूर. चर्चच्या बालवाडीत हिंदू मुले असतात. नाताळचे नाटक होईल, जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होईल. चालणार नसेल तर अर्ज करतानाच विचारा, पालिकेच्या बालवाडीचा पर्याय शहरात सहसा असतो, लहान गावात तो असेलच असे नाही. अडचण येते ती विशिष्ट उपचारांना. 2012 च्या अखेरीस कोलोनमध्ये बलात्कार झालेल्या एका तरुणीला दोन कॅथलिक रुग्णालयांनी तपासणीसाठी घेतले नाही, कारण त्यात गर्भधारणा रोखणाऱ्या गोळीचा प्रश्न येत होता. देशभर संताप उसळला, कोलोनच्या कार्डिनलनी, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रमुखांनी, माफी मागितली आणि नियम काही अंशी सैल झाले. गर्भपातासाठी कॅथलिक रुग्णालय आजही उपयोगाचे नाही. जिथे आसपास तेच एक रुग्णालय आहे तिथे संस्थेचे मूल्य रुग्णावर लादले जाते, आणि बिल मात्र सगळ्यांच्या विम्यातून जाते. या ठिकाणी मी माझ्या मालकांच्या बाजूची नाही.

नोकरी मागणारा म्हणून गोष्ट आणखी वेगळी. चर्चच्या संस्थांना कामगार कायद्यात स्वतंत्र मुभा आहे. संपाऐवजी मालक-कर्मचाऱ्यांचा संयुक्त आयोग पगार ठरवतो. ड्युसेलडॉर्फच्या एका कॅथलिक रुग्णालयाने घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले म्हणून मुख्य डॉक्टरला काढले होते. प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेले आणि 2019 मध्ये डॉक्टर जिंकला. 2022 च्या अखेरीस कॅथलिक चर्चने स्वतःच नियम बदलला, खासगी आयुष्यावरून नोकरी घालवायची नाही असा. तत्त्वापेक्षा टंचाईचा हात यात मोठा आहे असे मला वाटते. केरळहून आलेल्या नर्सेस नसत्या तर कितीतरी वॉर्ड बंद ठेवावे लागले असते, तिथे कुणाच्या लग्नाची चौकशी कोण करणार! शिवाय 2022 पासून दोन्ही मोठ्या चर्चचे मिळून सभासद लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी झाले आहेत. श्रद्धा ओसरली तरी संस्था, इमारती आणि करार जागच्या जागी आहेत.

देवळांच्या पैशाकडे जाण्याआधी पाकिस्तानचे उदाहरण बघून घ्या, कारण राज्याने धर्माचे दान स्वतः वसूल केले की काय होते ते तिथे दिसते. तिथले लष्करशहा जनरल झिया यांनी 1980 मध्ये जकात, म्हणजे इस्लाममधले धार्मिक दान, सक्तीची केली. रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतल्या बचत खात्यावर अडीच टक्के परस्पर कापायचे, आणि स्थानिक समित्यांमार्फत गरिबांना, विधवांना वाटायचे. शिया समाज म्हणाला की आमच्या शास्त्रात जकात सरकारला द्यायची पद्धत नाही; त्याच वर्षी इस्लामाबादेत हजारोंनी धरणे धरले आणि त्यांना सूट द्यावी लागली. बाकीच्यांनी आपला मार्ग काढला: रमजानच्या आधी खाते रिकामे करायचे. हीच माणसे खासगीत सढळ हाताने दान करतात. मलेशियात जकात भरली की तेवढी रक्कम आयकरातून वजा मिळते, त्यामुळे तिथे ती चुकवण्यापेक्षा पावती जपून ठेवण्याकडे कल असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न ‘घ्यावा की नाही’ या टप्प्याच्या केव्हाच पुढे गेला आहे. पंढरपूरच्या देवळांचा कायदा 1973 चा, सिद्धिविनायकाचा 1980 चा, शिर्डी संस्थानाचा 2004 चा. शिर्डीची व्यवस्थापन समिती कायद्यानुसार राज्य सरकार नेमते, आणि संस्थान स्वतःची रुग्णालये चालवते. शिवाय 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची देखरेख सगळ्याच धर्मांच्या ट्रस्टवर असते. त्याच कायद्याच्या 41 ‘कक’ कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना आहे: धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या, आणि बाकी रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. तातडीचा रुग्ण आला तर अनामत मागत बसायचे नाही.

हे चांगले आहे, आणि टेबलाच्या अलीकडे बसून मी ते राबवले आहे. माणूस रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन यायचा, दाखला गेल्या वर्षीचा निघायचा, पेशंट वर आयसीयूत. खाट रिकामी आहे की नाही ते बिलिंगवाल्यांना माहीत, आमच्या विभागाला नाही. नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय मात्र कागदाविना व्हायची, कारण देवळांऐवजी धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते.

तेव्हा देवळाचा पैसा समाजकल्याणाला जावा की नाही, यावर माझी हरकत नाही, जावा. प्रश्न तो कुठल्या वाटेने जातो याचा आहे. सरकारने सर्वसाधारण तिजोरीत ओढून घेतला तर भाविक पेटीत टाकायचे कमी करील, पाकिस्तानच्या बचत खात्यांचे झाले तेच इथे होईल. ट्रस्टने स्वतःचे रुग्णालय, वसतिगृह चालवले, सरकारने दर ठरवून चालू खर्चाचा वाटा उचलला आणि बदल्यात कुणालाही परत पाठवायचे नाही अशी अट घातली, तर ते जर्मन पद्धतीच्या जवळ जाईल. मात्र तिथली देखरेख विमा कंपन्या आणि पालिका दर बिलावर करतात. आपल्याकडे राखीव खाटांचा आकडा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला त्याच क्षणी, त्याच टेबलावर दिसला पाहिजे, आणि तो भरणारा माणूस बिलिंग विभागाच्या हाताखालचा नसला पाहिजे.